नावांचा गोंधळ आणि गरिबाचे खाते

एखाद्याच्या बँकखात्यातून पैसे लुबाडले गेले की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा : “तुम्ही ती लिंक उघडलीतच कशाला?” पोलीस ठाण्यात हा प्रश्न होतो, बँकेच्या शाखेत होतो आणि घरी मुलेही तोच विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात एक गृहीत असते. खरा पत्ता आणि खोटा पत्ता यांत डोळ्यांना दिसेल असा फरक असतो, आणि तो न दिसणे हा पाहणाऱ्याचा हलगर्जीपणा होय, असे ते गृहीत आहे. या गृहीताचीच तपासणी करण्याची वेळ आली आहे. कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या बँकांनी, कंपन्यांनी आणि सरकारी मंडळांनी आपापल्या संकेतस्थळांना जी नावे दिली, ती पाहता खऱ्याखोट्यातील हा फरक त्यांनी स्वतःच्याच हाताने पुसून टाकला आहे, असे म्हणणे भाग पडते. भामट्यांना कुंपण तोडावे लागले नाही. ते आधीच पडलेले होते.

केंद्रीय गृह मंत्रालयाने 2025 मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी 2024 या एका वर्षात सुमारे 22,845 कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षीचा आकडा सुमारे 7,465 कोटींचा होता. म्हणजे बारा महिन्यांत तिपटीहून थोडी अधिकच वाढ. हा मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितांचा प्रश्न आहे, अशी समजूत आपल्या चळवळीतही आढळते. वस्तुस्थिती तशी नाही. खर्डी परिसरातील पाड्यांवर आज लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये, निराधारांचे अनुदान, रोजगार हमीची मजुरी, मुलांची शिष्यवृत्ती हे सारे खात्यातच जमा होते. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्याच्या भूसंपादनाचा मोबदलाही खात्यातच आला. ठाकूर, कातकरी, कोळी कुटुंबांनी फोन हाती घेतला तो हौसेने घेतला असे कोणी समजू नये. खाते, आधार आणि मोबाइल क्रमांक यांची सांगड घातल्याशिवाय हक्काचा पैसा मिळणार नाही, असे राज्यसंस्थेनेच त्यांना सांगितले. ज्या रस्त्याने चालण्याची सक्ती केली, त्या रस्त्यावरच्या पाट्या नीट लावण्याचे कर्तव्य मग कोणाचे?

या पाट्या कशा वाचायच्या हे आधी थोडक्यात सांगतो, कारण पुढील विवेचन त्यावाचून कळणार नाही. आपला टपालाचा पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो : खर्डी, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. संकेतस्थळाचे नावही याच रीतीने वाचायचे असते. त्यातला शेवटचा भाग जिल्ह्यासारखा. मालकी कोणाची हे त्यावरून आणि त्याच्या लगतच्या शब्दावरून ठरते. ‘जीओव्ही डॉट इन’ या शब्दांनी संपणारा पत्ता फक्त सरकारी यंत्रणेलाच मिळतो. नुसते ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ हे मोकळे माळरान आहे. काही शे रुपये मोजून तेथे कोणीही आपली पाटी रोवू शकतो. दुसऱ्याच्या नावाशी मिळतीजुळती पाटीही. पत्त्याच्या सुरुवातीला बँकेचे नाव लिहिले म्हणून तो पत्ता बँकेचा होत नाही, जसे खर्डीतल्या घरावर ‘ठाणे निवास’ असे कोरले म्हणून ते घर ठाण्यात जात नाही. नियम इतका साधा आहे. तो कोणत्याही शाळेत शिकवला जात नाही ही एक तक्रार झाली. त्याहून मोठी तक्रार अशी की, तो शिकलेल्या माणसालाही त्याचा उपयोग होऊ नये अशी व्यवस्था मोठमोठ्या संस्थांनी करून ठेवली आहे.

महावितरणचेच उदाहरण घेऊ. 6 जून 2005 रोजी राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि वितरणाचे काम ‘महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी मर्यादित’ या कंपनीकडे आले. या गोष्टीला वीस वर्षे उलटून गेली, तरी आमच्याकडे मीटर पाहायला येतो तो ‘एमएसईबीचा माणूस’. बिलावर कंपनीचे नाव ‘महावितरण’ असे असते. मोबाइलवर तिचा संदेश येतो तो ‘एमएसईडीसीएल’ या इंग्रजी आद्याक्षरांनी. आणि संकेतस्थळाचे नाव काय, तर ‘महाडिस्कॉम डॉट इन’. ‘डिस्कॉम’ हा वीज उद्योगातल्या मंडळींचा आपसातला शब्द; वितरण कंपनी या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप. सुमारे तीन कोटी ग्राहकांपैकी किती जणांनी तो कधी उच्चारला असेल? शिवाय कंपनी संपूर्णपणे राज्याच्या मालकीची, पण पत्ता सरकारी माळेतला नाही, त्या मोकळ्या माळरानावरचा.

2022 साली राज्यभर एक संदेश फिरला, तो वाचकांना आठवत असेल. मागील महिन्याचे बिल नोंदले गेले नाही, सबब आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, ताबडतोब अमुक क्रमांकावर वीज अधिकाऱ्याशी बोला, अशा आशयाचा. त्यात संकेतस्थळ नव्हते, फोन क्रमांक होता. फोन केला की पलीकडचा ‘अधिकारी’ एक ॲप उतरवून घ्यायला सांगे आणि त्यातून खाते रिकामे होई. कंपनीने तेव्हा जाहीर केले की, आमचे खरे संदेश ‘एमएसईडीसीएल’ ही अक्षरे असलेल्या शीर्षकानेच येतात आणि आम्ही कोणाच्या खाजगी क्रमांकावर फोन करायला सांगत नाही. इशारा योग्यच होता. पण त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. एमएसईबी, महावितरण, एमएसईडीसीएल आणि महाडिस्कॉम ही चार नावे एकाच घरची आहेत, पाचवे मात्र परक्याचे आहे, हे ग्राहकाने पाठ करावे अशी ही अपेक्षा आहे. चार नावे ज्याने निमूटपणे खरी मानली, त्याला पाचवे कोणत्या तर्काने खोटे वाटावे? आणि हा तर्क त्याने रात्री नऊ वाजता, घरात लहान मूल असताना, वीज जाण्याच्या भीतीखाली लढवायचा आहे.

महावितरणच्या बाबतीत निदान वारशाने आलेला गोंधळ आहे, असे म्हणता येईल. दुसरे उदाहरण कोऱ्या पाटीवरचे आहे, म्हणून ते अधिक गंभीर वाटते. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदवलेल्या प्रत्येक वाहनाला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवणे राज्याने सक्तीचे केले. दोन कोटींच्या आसपास वाहने, दुचाकीला 450 रुपये, तीनचाकीला 500 आणि मोटारीला 745, वर वस्तू व सेवा कर. 2025 या वर्षात मुदत पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. आसनगावच्या कारखान्यांत आणि भिवंडीच्या गोदामांत दुचाकीवर जाणाऱ्या आमच्या भागातील प्रत्येक तरुणाच्या मानेवर दंडाची टांगती तलवार होती. इतक्या लोकांकडून, इतक्या घाईत, इंटरनेटवरून पैसे घ्यायचे होते. मग पत्ता किती निःसंदिग्ध हवा होता!

प्रत्यक्षात काय झाले? राज्याचे तीन विभाग पाडून तीन खाजगी कंपन्यांना कंत्राटे देण्यात आली आणि प्रत्येक कंपनीने आपले स्वतंत्र संकेतस्थळ उघडले. एकाचे नाव ‘एमएचएचएसआरपी डॉट कॉम’, दुसऱ्याचे ‘एचएसआरपीएमएचझोन2 डॉट इन’, तिसऱ्याचे ‘महाराष्ट्रएचएसआरपी डॉट कॉम’. ही तिन्ही नावे खरी आहेत. वाचकांनी ती एखाद्या जाणत्या माणसाला दाखवून, यांतले बनावट कोणते, असे विचारून पाहावे. बहुधा तो तिन्ही बनावट म्हणेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. (दुसऱ्या विभागाच्या कंत्राटदार कंपनीचे नाव ‘रिअल मेझॉन’ आहे. एका जगप्रसिद्ध कंपनीच्या नावाच्या इतक्या जवळचे नाव एखाद्या अनोळखी संदेशात आले असते, तर आपण तो संदेश तिथेच पुसून टाकला असता.) राज्याच्या सक्तीने, राज्याच्या दंडाच्या धाकाने आणि राज्याने ठरवलेल्या दराने होणारी ही वसुली, पण पत्त्यात राज्याची खूण कोठेच नाही. अपेक्षेप्रमाणे बनावट संकेतस्थळे निघाली आणि परिवहन विभागाला पोलिसांकडे धाव घ्यावी लागली. नागरिकांनी परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच पुढे जावे, असे आवाहनही झाले. वस्तुतः कंत्राटदाराचा संगणक कोठेही असो, त्याला सरकारी पत्त्याखालचे उपनाव देणे ही तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ गोष्ट आहे. कंत्राटात एक कलम घातले असते तर भागले असते. ते सुचले नाही, कारण हजारो पानांच्या निविदेत नागरिक कोठे उभा असतो, याचा विचार करण्याची पद्धतच नाही.

सरकारी माळेतले पत्तेही नेहमी सुबोध असतात असे नाही. वाहतुकीच्या दंडाची पावती आली तर ती राज्याच्या ‘महाट्रॅफिकईचलान’ या स्थळावर पाहायची की केंद्राच्या ‘परिवहन’च्या स्थळावर? दोन्ही खरी आहेत. दोन खऱ्यांच्या गर्दीत ‘आरटीओ चलान’ नावाची खोटी फाइल फोनवर येते, ती उघडली की फोनच परस्वाधीन होतो.

आता बँकांकडे वळू. भारतीय स्टेट बँक ही देशातील सर्वांत मोठी बँक. तिच्या घराण्यात एके काळी ‘स्टेटबँकऑफइंडिया डॉट कॉम’ होते, ‘एसबीआय डॉट सीओ डॉट इन’ होते, व्यवहारांसाठी ‘ऑनलाइनएसबीआय डॉट कॉम’ होते. पुढे बँकेने ‘डॉट एसबीआय’ हा स्वतःचाच शेवट मिळवला आणि ‘बँक डॉट एसबीआय’ व ‘ऑनलाइनएसबीआय डॉट एसबीआय’ आले. कार्डाची कंपनी निराळ्या पत्त्यावर, विम्याची निराळ्या, म्युच्युअल फंडाची आणखी निराळ्या. बक्षीसगुणांच्या योजनेसाठी ‘रिवॉर्ड्झ’ नावाचे स्थळ निघाले आणि त्यात इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘एस’च्या जागी ‘झेड’ घालण्याची चतुराई करण्यात आली. एकीकडे प्रत्येक सावधगिरीच्या पत्रकात लिहिलेले असते की स्पेलिंगमधील चुकांवरून खोटा संदेश ओळखा. दुसरीकडे बँकच आकर्षक दिसावे म्हणून चुकीचे स्पेलिंग अधिकृत करते! या बक्षीसगुणांच्याच नावाने पुढे देशभर फसवे संदेश आणि फसव्या फाइली फिरल्या, आणि आम्ही अशा फाइली कधीच पाठवत नाही, असे बँकेला व सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाला वारंवार सांगावे लागले. भामट्यांनी नेमके हेच आमिष निवडले, यात मला तरी नवल वाटत नाही.

माझे निवृत्तिवेतन ज्या बँकेत जमा होते तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण जे घडले ते कोणत्याही बँकेत घडू शकले असते. माहिती अद्ययावत करा असा एक संदेश आला. त्यातील पत्ता म्हणजे बँकेच्या नावातील चार-दोन अक्षरे आणि पुढे एक अपरिचित शेवट. मी तो न उघडता शाखेत नेऊन दाखवला. समोरच्या अधिकाऱ्यांनी तत्काळ सांगितले, “सर, हा खोटा आहे, हात लावू नका.” शेजारच्या टेबलावरील बाईंना शंका आली, त्यांनी वरिष्ठ कार्यालयाला फोन केला, आणि पंधरा मिनिटांनी कळले की संदेश खरा होता, मुख्यालयाने नेमलेल्या एका कंपनीने तो पाठवला होता. बँकेच्या पगारी अधिकाऱ्याला आपल्या बँकेचा पत्ता ओळखू येत नाही. मग कळमगावच्या किंवा टोकावड्याच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईंना तो ओळखता आला नाही, तर त्याला हलगर्जीपणा म्हणण्याचा अधिकार या बँकांना कोणी दिला?

यात आपल्या भाषेचाही एक भाग आहे आणि त्याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. ही सारी नावे रोमन लिपीत लिहिली जातात, आणि रोमन लिपीत मराठी शब्दाचे ठरलेले स्पेलिंग नसते. ‘लाडकी’ हा शब्द चार प्रकारे लिहिता येतो. शासनाने अधिकृत स्थळाचे नाव ठरवताना ‘ड’ आणि ‘क’ यांच्यामध्ये एक ‘ए’ घातला; इंग्रजी वर्तमानपत्रे तो सहसा घालत नाहीत. स्थळ सरकारी माळेतले आहे, एवढे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. पण सप्टेंबर 2025 पासून जेव्हा या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीचे झाले आणि लाखो स्त्रिया एकाच वेळी शोध घेऊ लागल्या, तेव्हा मिळत्याजुळत्या नावांच्या बनावट स्थळांबद्दल इशारे प्रसिद्ध झाले. ज्या भाषेत नावाचे चार खरे उच्चारलेखन संभवतात, तिथे पाचवे लिहिणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. आमची खर्डी आणि पुण्याजवळची खराडी यांच्यात रोमन लिपीत त्याच एका ‘ए’चा फरक आहे. त्यापायी पार्सल चुकले तर ते उशिरा का होईना, परत फिरते.

यावर देवनागरी पत्त्यांचा उपाय निघालेला आहे. 27 ऑगस्ट 2014 रोजी ‘डॉट भारत’ हा देवनागरी शेवट मोठ्या समारंभाने खुला करण्यात आला आणि मराठीचाही त्यात समावेश होता. ‘महावितरण’ हे नाव देवनागरीत एकाच प्रकारे लिहिले जाते; त्यात संभ्रमाला फारशी जागा नाही. पण रोजच्या देवघेवीत तो पत्ता आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? शासनाचा मराठी भाषेवरचा जिव्हाळा पाट्यांच्या आकारापाशी थांबतो, असे कधी कधी वाटते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नात कुतूहल वाटते ते याचे, की शहाणीसुरती माणसे चालवत असलेल्या संस्था इतकी उघड चूक वर्षानुवर्षे का करतात. उत्तर अवघड नाही. नवे नाव घेण्याचा खर्च नगण्य असतो. विपणन विभागाला मोहिमेसाठी वेगळे आकर्षक नाव हवे असते, कंत्राटदाराला स्वतःच्या नियंत्रणातले हवे असते, संगणक विभागाला मुख्य पत्त्याखाली जागा देण्याची कटकट नको असते. प्रत्येकाचे तेवढ्यापुरते सोयीचे होते. या सोयीतून जो गोंधळ होतो त्याची किंमत मात्र संस्थेच्या ताळेबंदात कधी येत नाही. ती ग्राहकाच्या पासबुकात येते. आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात धुराड्याच्या धुराचे उदाहरण दिले होते : कारखानदार नफा घेतो, काजळीने मळलेले कपडे धुण्याचा खर्च शेजारी करतात. ठाणे जिल्ह्याच्या वाचकांसाठी विलायतेला जाण्याचे कारण नाही. अंबरनाथच्या रसायन कारखान्यांनी वालधुनीत जे सोडले त्याची किंमत त्यांच्या हिशेबवह्यांत कधी नव्हती. काठावरच्या वस्तीने ती मोजली. नावांचा गोंधळ हेही एक प्रकारचे सांडपाणीच आहे, आणि ते सोडणाऱ्याने स्वच्छ करावे असा आग्रह धरायला काहीच हरकत नाही.

1970 साली जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिताना दाखवून दिले की, जेथे ग्राहकाला चांगले आणि वाईट यांतला भेद कळत नाही, तेथे हळूहळू चांगलाही बदनाम होतो. आज तेच होताना दिसते. आमच्याकडे कित्येक जण आता कोणताच संदेश उघडत नाहीत. खऱ्या शिष्यवृत्तीची मुदतही त्यामुळे निघून जाते. फसवणुकीच्या आकडेवारीत हे नुकसान कोठेच मोजले जात नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? नावाची चोरी कायद्याला चांगली कळते, फक्त मालकाच्या बाजूने. 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’ कंपनीने ‘रॅडिफ’ नावाने स्थळ उघडणाऱ्यांविरुद्ध दाद मागितली. एका अक्षराचा फरक जाणूनबुजून लोकांना चकवण्यासाठी आहे असे मानून न्यायालयाने मनाईहुकूम दिला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सिफी’च्या प्रकरणात संकेतस्थळाच्या नावाला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळते, हे स्पष्ट केले. दोन्ही निकाल योग्यच आहेत. पण दोन्हींत नाव ही मालमत्ता आहे आणि लोकांचा गोंधळ हा मालकाच्या दाव्यातला पुरावा आहे. मालकानेच गोंधळ घातला, तर गोंधळलेल्या माणसाने कोठे जावे, याविषयी हे निकाल काही सांगत नाहीत, कारण तो प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

तो प्रश्न रिझर्व्ह बँकेपुढे मात्र होता. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवणारे परिपत्रक तिने 6 जुलै 2017 रोजी काढले. बँकेचा दोष असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. तिसऱ्याच कोणाकडून घडले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले तरी बोजा नाही. पण नुकसान ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झाले असेल, उदाहरणार्थ त्याने गुप्त शब्द दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. पहिल्या दोन तरतुदी स्वागतार्ह होत्या. तिसरीत मात्र सगळी गोम आहे. खोट्या स्थळावर जो स्वतःच्या हाताने गुप्त शब्द भरतो, तो या व्याख्येने हलगर्जी ठरतो. बँकेने स्वतः पाच-सात पत्ते वापरले, संदेशांतून अपरिचित लिंका पाठवून त्या उघडण्याची सवय ग्राहकाला लावली, आपल्या अधिकाऱ्यालाही न कळणारी नावे घेतली, तरी यातले काहीच बँकेचा हलगर्जीपणा म्हणून मोजले जात नाही. माझा आग्रह नेमका येथे आहे. खरे पत्ते संदिग्ध ठेवणे हा संस्थेचा दोष मानला गेला पाहिजे, आणि आपला पत्ता खोट्यापासून सहज वेगळा ओळखता येत होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली पाहिजे. एकदा हा खर्च ताळेबंदात आला की विपणन विभागाचे ‘झेड’विषयीचे प्रेम आपोआप कमी होईल.

काही मित्र म्हणतील, नावे कितीही नीट केली तरी चोर दुसरी वाट काढणारच. हे खरे आहे. ‘डिजिटल अटक’ करणारे भामटे कोणत्याही पत्त्याच्या आधाराने काम करत नाहीत; ते खाकी गणवेशाच्या भीतीवर जगतात. पत्ते सुधारले म्हणून ते थांबणार नाहीत. पण तराजूवर शिक्का मारण्याची पद्धत आली तेव्हाही हाच आक्षेप घेता आला असता. आपल्याकडे पूर्वी गावागावाची पायली निराळी असे, आणि मापाच्या या गोंधळात नेहमी घेणारा नाडला जाई. 1956 साली संसदेने वजनामापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा केला. मापात मारणारे दुकानदार त्याने नाहीसे झाले नाहीत. परंतु माप खरे की खोटे हे ठरवण्याचे ओझे शेतमजुराच्या डोळ्यांवरून उतरून सरकारी शिक्क्यावर गेले. आज शिक्का नसलेले वजन वापरणारा दुकानदार, गिऱ्हाइकाने नीट पाहायला हवे होते, असा बचाव करू शकत नाही.

असा शिक्का इंटरनेटवरही मारता येतो, याचा पुरावा आता हाताशी आहे. 7 फेब्रुवारी 2025 रोजी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी जाहीर केले की भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हा राखीव शेवट असेल. एप्रिलमध्ये परिपत्रक निघाले, 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली गेली, आणि नावे देण्याचे काम हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडेच सोपवण्यात आले. म्हणजे माळरानाला कुंपण घालून दारावर पहारेकरी बसवला. स्टेट बँकही आता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ झाली. जे काम अनेक वर्षे अवघड म्हणून टाळले गेले, ते नियामकाने एक तारीख देताच सहा महिन्यांत मार्गी लागले. बाजाराने आपण होऊन ते कधीच केले नसते, हे येथे नमूद केले पाहिजे.

अर्थात या कुंपणाबाहेर बरेच काही राहिले आहे. गावोगावच्या पतसंस्था कायद्याने बँका नाहीत, त्यामुळे त्यांना हा शेवट मिळत नाही. आणि शहापूर-मुरबाडच्या कष्टकऱ्याची बचत बरीचशी तेथेच असते. वीज कंपनी बाहेर आहे. सरकारी कामाचे कंत्राटदार बाहेर आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा ‘डार्क पॅटर्न’ युक्त्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत खोटी घाई आहे, लपवलेली जाहिरात आहे, पण स्वतःचा पत्ता संदिग्ध ठेवणे नाही. ते चौदावे कलम घालावे, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवेतील त्रुटी’ ही व्याख्याही इतकी व्यापक आहे की एखाद्या धडाडीच्या वकिलाने हा मुद्दा जिल्हा आयोगापुढे मांडून पाहण्यासारखा आहे.

कार्यकर्त्यांना याहून जवळचे काम आहे. फसवणूक झाली की 1930 या क्रमांकावर ताबडतोब, पहिल्या तासातच कळवावे, हे प्रत्येक पाड्यावर सांगितले गेले पाहिजे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता तेवढ्या वेळातच अधिक असते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वीज, बँक, सातबारा आणि लाडकी बहीण यांचे खरे पत्ते रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत रंगवून घ्यावेत, तसा ठराव ग्रामसभेत मांडावा. आणि वीजदरवाढीचा प्रस्ताव येतो तेव्हा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग लेखी हरकती मागवतो व जाहीर सुनावणी घेतो. आपण तेथे दरांविषयी बोलतो, ते बोलावेच. या खेपेस नावांविषयीही बोलू. त्यासाठी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील साथींनी गावातल्या लोकांच्या फोनवर आलेले संदेश पुढील सुनावणीपूर्वी उतरवून घ्यावेत. खोटे संदेश नकोत, ते पोलिसांकडे पुष्कळ आहेत. वीज कंपनीने, बँकांनी आणि सरकारी खात्यांनी पाठवलेले खरे संदेश, त्यांतील पत्त्यांसह, तारखेवार एका वहीत उतरवावेत आणि ती वही हरकतीला जोडावी.